शेवटचे स्थानक पुढचा रस्ता अडवणार काय?

छत्रपती संभाजीनगरच्या मेट्रोची चर्चा आजवर प्रामुख्याने एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे : पैसा कोण देणार? हा प्रश्न मोठा आहे, यात शंका नाही. मात्र त्यामुळे तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न मागे पडला आहे. मेट्रो आलीच, तर रेल्वे स्थानकाच्या परिसरात तिच्या मार्गिकांची मांडणी कशी असेल आणि त्या पुढे नेण्यास वाट शिल्लक राहील काय, याचा विचार कोणी करताना दिसत नाही.

महामेट्रोच्या आराखड्यात दोन मार्ग सुचविण्यात आले. पहिला शेंद्रा ते वाळूज हा सुमारे २८ किलोमीटरचा. जालना रस्त्यावर खाली उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो, अशी त्याची दुमजली कल्पना. दुसरा रेल्वे स्थानकापासून हर्सूल टी-पॉइंटच्या दिशेने जाणारा, ‘मेट्रो निओ’ या हलक्या प्रकारचा. निओ ही रुळांऐवजी रबरी चाकांवर, वरच्या तारेतून वीज घेऊन धावणारी गाडी. जालना रस्ता स्थानकाच्या उत्तरेला असल्याने पहिल्या मार्गाची स्थानकाशी थेट गाठ पडत नाही. रेल्वेने येणाऱ्या प्रवाशाचा भार दुसऱ्या मार्गावर राहणार आणि त्या मार्गाचे एक टोक स्थानकाशीच संपणार.

येथेच खरी अडचण आहे. शेंद्रा आणि वाळूज ही दोन औद्योगिक टोके गृहीत धरून आखणी झाली. पण उद्योगांचा ओघ आता तिसऱ्या दिशेनेही वळला आहे. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला, तो बिडकीन येथील ‘ऑरिक’ वसाहतीसाठी. बिडकीन पैठण रस्त्यावर आहे आणि स्थानकाकडून तिकडे जायचे, तर लोहमार्ग ओलांडून महानुभाव आश्रम चौकाकडे जावे लागते. म्हणजे आराखड्यातील मार्ग जेथे संपतो, नेमका तेथूनच उद्याचा विस्तार सुरू व्हावयास हवा आणि मध्ये रेल्वेचे रूळ आडवे आहेत.

अंतिम स्थानक दोन प्रकारे बांधता येते. फलाटाशी मार्ग संपवून गाडी तेथूनच उलट फिरवायची, हा स्वस्त प्रकार. दुसऱ्या प्रकारात मार्गिका फलाटाच्या पुढे काही अंतर नेतात. गाड्या तेथे जाऊन परततात आणि विस्ताराच्या वेळी तीच मार्गिका पुढे वाढविता येते. पहिल्या प्रकारात स्थानकाचे तोंड चुकीच्या दिशेला असले, तर विस्तारासाठी उभे स्थानक मोडावे लागते. वाहनाची निवड अंतिम झालेली नसल्याने आणखी एक काळजी घ्यावी लागेल. रबरी चाकांच्या गाडीपेक्षा रुळांवरील गाडीला वळण अधिक रुंद लागते. जागा राखताना अधिक रुंद वळण गृहीत धरणेच शहाणपणाचे ठरेल.

ही घाई आताच कशाला, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर रेल्वेच्या कामांत आहे. निजामाच्या काळात, १९०० मध्ये येथे मीटरगेजचा एकेरी मार्ग आला. १९९० च्या दशकात तो रुंद झाला. पण एकेरीच राहिला. परभणीपर्यंतच्या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती जुलै २०२५ मध्ये. दुहेरीकरणात स्थानकाच्या यार्डाची मांडणीही बदलते. एकदा नवे रूळ पडले, की त्यांच्यामध्ये मेट्रोचे खांब उभारण्यास जागा शोधणे महाकठीण. शिवाय मार्गाचे विद्युतीकरण झाल्याने वरून जाणारा पूल तारांच्याही वर पुरेसा उंच न्यावा लागेल.

राज्यातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. नागपुरात सीताबर्डी येथे दोन्ही मार्गांचे आदलाबदल स्थानक आरंभीच एकत्र आखले गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेला दुसरा टप्पा चारही टोकांपासून पुढे नेण्याचा आहे. पुण्यात मात्र विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी २०२० मध्ये पाडावा लागला, तेव्हा त्याचे वय जेमतेम दीड दशकाचे होते. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल आणि सिडको येथे आधीच उड्डाणपूल असलेल्या शहराला हा इशारा पुरेसा आहे.

नाशिकच्या निओसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. तरीही पुढील चार वर्षांत प्रत्यक्ष काम सुरू झाले नाही. तेव्हा संभाजीनगरची मेट्रो उद्याच धावेल, या भ्रमात राहण्याचे कारण नाही. परंतु विकास आराखड्यात स्थानक ते पैठण रस्ता ही पट्टी राखून ठेवणे, रेल्वे, महामेट्रो आणि महापालिका यांनी यार्डाचा नकाशा एकत्र बसून पाहणे आणि खांबांची जागा आताच निश्चित करणे, यांस हजारो कोटी लागत नाहीत. मेट्रो दहा वर्षांनी आली तरी चालेल. ती येईल तेव्हा बिडकीनला कामावर जाणाऱ्या कामगाराला स्थानकावर उतरून रिक्षा शोधावी लागू नये, एवढी तजवीज मात्र आजच व्हावयास हवी.