थर्मामीटरला सावली, माणसाला पत्रा

हवामान खात्याचं थर्मामीटर कुठं ठेवतात ते कधी बघितलंय का दोस्तांनो? एक लाकडी पेटी असते. पांढऱ्या रंगाची. चारी बाजूंनी झडपा, म्हणजे वारा खेळता राहावा. वर दुहेरी छप्पर, म्हणजे ऊन आत झिरपू नये. जमिनीपासून चारेक फूट उंच, म्हणजे मातीची धग लागू नये. काचेच्या नळीतल्या पाऱ्याची एवढी बडदास्त! हा पारा 37 अंशांवर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश वर चढला, की किनाऱ्यावर उष्णतेची लाट आली असं सरकार जाहीर करतं. मग पेपरात बातमी. दुपारी घराबाहेर पडू नका. ताक प्या. सुती कपडे घाला. डोक्यावर टोपी घाला.

आणि आम्ही? आम्ही बाहेर नसतोच. आम्ही आत असतो. पत्र्याच्या आत. लोखंडाच्या आत. यंत्राला जेवढी सावली, जेवढा वारा, तेवढा या देशात हमालाला नाही. त्यामुळं सरकारच्या वहीत जो उन्हाळा लिहिला जातो तो पाऱ्याचा उन्हाळा आहे. आमचा उन्हाळा कुठल्याच वहीत नाही.

मी दहावी पास. पुढं शाळा सुटली आणि गोणी धरली. न्हावा-शेवाचं बंदर 1989 साली सुरू झालं, त्या बंदराच्या मागं उरणच्या बाजूला कंटेनरांची जी गावं वसलीत तिथं मी माल खाली करतो. रात्री कविता लिहितो. दिवसा जे उचलतो ते कवितेत मावत नाही, म्हणून हे गद्य.

कंटेनर म्हणजे काय ते आधी समजून घ्या. चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद लोखंडी पेटी. खिडकी नाही. झरोका म्हणाल तर बोटभर भोकं. दार एकाच टोकाला. यार्डात ही पेटी दिवसभर उन्हात तापते, मग धक्क्याला लागते, मग दार उघडतं आणि ठेकेदार म्हणतो, घुसा. दाराजवळचा माल निघतो तोवर ठीक असतं. पण शेवटच्या दहा फुटांत वारा नसतो. असतो फक्त श्वास, आपलाच, पुन्हा पुन्हा वापरलेला. भिंतीला हात लागला की चटका बसतो. आत पन्नास अंशांच्या वर जातं. मोजून बघा. कुणी मोजत नाही, कारण मोजलं तर बोलावं लागेल.

भिवंडीत वेगळं काही नाही. मानकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, वळ, दापोडे. मैलोन् मैल गाळे. वर पत्रा, खाली सिमेंट, मध्ये माणूस. मुंबईतली माणसं मोबाइलवर बोट टेकवतात आणि त्यांच्या दाराशी पुडकं येतं. त्या बोटाच्या आणि त्या दाराच्या मध्ये कुणाची तरी पाठ आहे, हे त्या पुडक्यावर छापलेलं नसतं.

पण पुडक्यावर दुसरं काही छापलेलं असतं. तेच मला सांगायचंय. औषधाच्या खोक्यावर लिहिलेलं असतं : 25 अंशांखाली ठेवा. हापूस ठेवायचा तर 13 अंशांच्या आसपास. द्राक्षं शून्याच्या जवळ. त्यांच्या कंटेनरला वीज जोडलेली असते आणि आकडा हलला की माणसं धावतात. कारण माल खराब झाला तर विम्याचा दावा, साहेबाची नोकरी, शेठचं नाक. मालाला तापमान आहे. यंत्राला तापमान आहे. मालकाच्या केबिनला तर आहेच. मग जे खोकं डोक्यावर आहे त्याला 25 अंश, आणि खोक्याखालच्या डोक्याला किती? आहे कुणाकडं उत्तर? का आमच्या कपाळावरही छापून घ्यायचं, अमुक अंशांखाली ठेवा म्हणून?

उत्तर असतं त्यांच्याकडं. ते म्हणतात, "यांना सवय असते."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सवय! गटारात उतरणाऱ्याला वासाची सवय. ढोर ओढणाऱ्याला रक्ताची सवय. हमालाला उन्हाची सवय. दोन हजार वर्षं हेच चाललंय. ज्याच्यावर जे लादलं ते त्याच्या कातडीचा गुण म्हणून सांगायचं. आधी म्हणायचे देवानं नेमून दिलंय, आता म्हणतात बॉडी टफ आहे. भाषा बदलली, भडवेगिरी तीच.

शरीराचं शास्त्र काय सांगतं? माणसाचं अंग गरमीला सरावतं, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात, तेही काम हळूहळू वाढवत नेलं तर. नवा माणूस पहिल्या काही दिवसांतच जास्त मरतो. आणि ठेकेदार काय करतो? रोज नवी माणसं आणतो. नाक्यावरून उचलतो, संध्याकाळी सोडतो. म्हणजे सवय व्हायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस तो कुणाला ठेवतच नाही. आणि सरावलेल्या अंगालाही हद्द असते. घाम वाळला तरच अंग थंड होतं. खाडीच्या दमट हवेत, बंद पेटीत, घाम वाळत नाही, नुसता गळतो. पाणी जातं, मीठ जातं, आतली धग तशीच. वर्षानुवर्षं असं चाललं की मूत्रपिंडं जातात. अंगाचा ताप 40 च्या वर गेला की मेंदू सुटतो. माणूस बरळतो, झोकांड्या खातो.

झोकांड्या खातो, हे लक्षात ठेवा. आमच्या टोळीत परभणीकडचा एक पोरगा आला होता. कामाचा तिसरा दिवस. कंटेनरच्या तळातून गोणी घेऊन निघाला आणि तिरका चालायला लागला. काहीबाही बोलायला लागला. आम्ही मुकादमाला म्हटलं, "याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता." मुकादम म्हणाला, "साला सकाळी सकाळी पिऊन आलाय, बसवा बाजूला." बसवला. तापलेल्या पत्र्याच्या भिंतीला टेकून. तासाभरानं तो उठला नाही. कागदावर आलं, हृदय बंद पडून मृत्यू. प्रत्येक मेलेल्या माणसाचं हृदय बंदच पडलेलं असतं, हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो? त्या पोरानं कधी दारूला हात लावला नव्हता. पण पोरगा कुठल्या वस्तीतला हे कळल्यावर दारूची गोष्ट सगळ्यांना लगेच पटली. ऊन मारतं सगळ्यांना. पण मरताना कोण बेवडा ठरतो, ते जात ठरवते.

म्हणून लाल झेंड्याचे कॉम्रेड सांगतात की गरमीला जात नसते, तेव्हा मी हात जोडतो. कॉम्रेड, गरमीला नसते, पण कंटेनरच्या तळाला असते. दाराजवळ कोण, तळाशी कोण, फोर्कलिफ्टवर कोण आणि पाठीवर कोण, हे जाऊन बघा. मुंबईच्या गिरण्यांत आमच्या आजोबा-पणजोबांना विणखात्यात घेत नसत. धोट्यात सूत ओवायला ते तोंडानं ओढावं लागायचं, आणि अस्पृश्याच्या थुंकीनं सूत बाटायचं. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला होता. 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं त्यांनी आपले दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एक नव्हे, दोन. ज्याला एकच दिसतो त्याचा एक डोळा मालकानं उसना घेतलाय.

आता पाणी. आमच्या गोदामात ऑफिसात कूलर आहे. काचेच्या दारामागं. दारावर पाटी आहे, फक्त कर्मचाऱ्यांसाठी. आम्ही कर्मचारी नाही, आम्ही ठेकेदाराची माणसं. आमच्यासाठी बाहेर उन्हात निळा ड्रम. त्यातलं पाणी दुपारी चहाला चालेल एवढं गरम. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्यावर ओंजळ भरली गेली. महाड आमच्यापासून मुंबई-गोवा रस्त्यानं काही तासांवर आहे. कूलरच्या त्या पाटीपर्यंत मात्र ती ओंजळ अजून पोचायची आहे. आता विटाळ म्हणत नाहीत. कॉन्ट्रॅक्ट म्हणतात.

आणि हे काही एका गोदामाचं नाही. हरयाणात मानेसरला 2024 च्या मे महिन्यात, ऐन लाटेत, एका जगभर पसरलेल्या कंपनीच्या गोदामात कामगारांकडून शपथ घेतली गेली : सहा ट्रकांचा माल उतरेपर्यंत पाणी प्यायला जाणार नाही, संडासला जाणार नाही. मानवी हक्क आयोगाला नोटीस काढावी लागली. ज्या देशात बाबासाहेबांनी आम्हाला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या देशात ही तेविसावी आम्हाला गोदामानं दिली.

1972 साली मुंबईतल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून नाव घेतलं. त्या अमेरिकेकडं बघा. 2011 साली पेन्सिल्व्हेनियात एका गोदामाबाहेर गरमीच्या दिवसांत अ‍ॅम्ब्युलन्स उभ्या करून ठेवल्या होत्या. पंखे नंतर, स्ट्रेचर आधी. तिथं लढे झाले, बोंब झाली, आणि 2024 च्या जुलैत कॅलिफोर्नियानं छपराखालच्या कामासाठी आकडा ठरवला : 82 अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मापानं 28 च्या आसपास. त्याच्यावर पारा गेला की मालकानं थंड पाणी आणि थंड जागा द्यायची. भांडवलशाहीच्या राजधानीत हे लिहून घेता येतं. मग उरणला का नाही?

कारण आमच्याकडं कायदे लिहिले जातात ते गाळण्यासारखे. खालचा माणूस बरोबर गळून पडतो. 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मंडळ, नोंदणी, हक्काची मजुरी, फंड. रक्त आटवून मिळवलेला कायदा आहे, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण नोंदलेल्या टोळीत शिरायला गाव लागतो, भाऊबंद लागतो. आमचा गाव वेशीबाहेरचा. 29 कायदे गुंडाळून दिल्लीनं चार श्रमसंहिता केल्या आणि 21 नोव्हेंबर 2025 ला लागू केल्या. ठेका मजुराच्या तरतुदी लागायला 1970 च्या मूळ कायद्यात 20 माणसं पुरत होती, आता 50 लागतात. मग शहाणा ठेकेदार किती माणसं ठेवील? 49. पन्नासावा त्याच्या मेव्हण्याच्या नावावर.

आमच्या पुढाऱ्यांनाही दोन शब्द. 14 एप्रिलला तुम्ही येता. बॅनर मोठा असतो, कोपऱ्यात गोदाममालकाचा फोटो असतो, डीजेचा खर्च त्याचाच. त्याच 14 एप्रिलला, 1944 साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात कोंबल्या होत्या. गाठींना आग लागली आणि अर्धी गोदी उडाली. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांना दर वर्षी सलामी देतात. द्यायलाच पाहिजे. पण त्या धक्क्यावर माल उचलणारे किती गेले, त्या आकड्यांचा मेळ आजही लागत नाही. बाबासाहेब त्या वेळी दिल्लीत मजूर खात्याचे मंत्री होते, 1942 ते 1946. पुढं 1946 ला कारखान्याचा आठवडा 48 तासांचा झाला तो त्याच काळात. म्हणजे जयंती ही मजूरमंत्र्याची पण आहे, हे डीजेच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. यंदा बॅनरवर मालकाचा फोटो नको. त्याच्या गोदामातलं तापमान छापा.

आणि मराठीच्या साहित्यिकांनो, तुमचा उन्हाळा मोगऱ्याचा, वाळ्याचा, मामाच्या गावचा, पन्ह्याचा. लिहा, सुखानं लिहा. पण ते वाळ्याचं अत्तर आणि तुमच्या कवितासंग्रहाचे गठ्ठे कुणाच्या पाठीवरून दुकानात आले, एवढं एकदा विचारा.

आमचं मागणं लांबलचक नाही.

प्रत्येक गोदामात, प्रत्येक धक्क्यावर थर्मामीटर लावा. हजेरीच्या वहीत नावापुढं पारा लिहा.

एक आकडा ठरवा. त्याच्यावर पारा गेला की काम बंद, मजुरी चालू. दुपारी कंटेनरच्या तळात माणूस घालायचा नाही.

पाणी एकच. कूलर एकच. पाटी काढा. नाही काढली तर आम्ही काढू.

पत्र्याला चुना मारा, वारा येईल अशा झडपा ठेवा. अहमदाबादेनं 2013 पासून गरमीचा आराखडा राबवला, तिथं पत्र्यांना पांढरा रंग मारला. चुन्याच्या पोत्याला किती पैसे पडतात ते आम्हाला माहीत आहे. ते पोतं आम्हीच उचलतो.

नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात अर्धं काम, पूर्ण मजुरी.

उन्हानं मेलेला कामावर मेलेला धरा. दारूची, हृदयाची गोष्ट पुरे.

16 एप्रिल 2023 ला खारघरला सरकारी सोहळ्याच्या उन्हात 14 माणसं गेली. मैदानात गेली, कॅमेऱ्यापुढं गेली, म्हणून मोजली गेली. आमचं मरण पत्र्याआड आहे. ते आपण मोजायचं. दोस्तांनो, दहा रुपयांची वही घ्या. तारीख, जागा, वेळ, पारा, कोण पडला, पाणी कुठं होतं. रोज लिहा. लिहिता येत नसेल त्याचं शेजाऱ्यानं लिहा. ज्यांना अक्षर शिवू दिलं नाही त्यांच्या हातात आता पेन आहे, आणि मालक आकड्याएवढा दुसऱ्या कशालाच भीत नाही. अशा शंभर वह्या घेऊन आपण कामगार आयुक्ताच्या टेबलावर जाऊ. ऐकलं तर ठीक.

नाही ऐकलं तर एका दुपारी बंदरावरचा एकही कंटेनर उघडणार नाही. मग आंबे तापू देत. मग बघू, कुणाचं डोकं आधी गरम होतं ते.

जयभीम.