लासलगावचा कांदा आणि होशंगाबादची गोष्ठी

जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणासाठी संशोधक, शिक्षक आणि धोरणकर्ते यांनी एकत्र यावे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. घोडे पेंड खाते ते पुढे. हे शिक्षण ज्यात येते, ते संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतले ४.७ हे लक्ष्य किती गाठले, हे ठरवताना धोरण, अभ्यासक्रम, शिक्षक-प्रशिक्षण आणि मूल्यमापन या चार जागी हा विषय उतरला का, ते पाहतात. ती माहिती पुरवतात मात्र सरकारेच. परीक्षार्थीनेच स्वतःची उत्तरपत्रिका तपासावी, तसला हा प्रकार. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शालेय भागात या शिक्षणाचा नुसता नामोल्लेख आहे; त्याचे स्पष्टीकरण आहे ते उच्च शिक्षणाच्या भागात. सहावी-सातवीच्या शिक्षकाने ते शोधायचे कुठे?

निफाड तालुक्यातल्या शाळेत तर हा विषय दाराशी येऊन उभा असतो. २९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावच्या पट्ट्यात शेतकरी संतापले, बांगलादेशात कांदा कडाडला. आठवडाभरातच दिल्लीला आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी भर सभेत हसत हसत सांगितले, की मी स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितलाय. आता मुलांना विचारा: घरी कांदा पिकवणारे वडील, मुंबईत तो विकत घेणारा मामा आणि ढाक्यातले एखादे कुटुंब, यांपैकी कोणाकडे पाहून सरकारने निर्णय घ्यावा? वर्ग तावातावाने भांडेल. त्या भांडणाला गुण कसे द्यायचे, हे सांगायला संशोधक हवा. आणि ‘शाळेत राजकारण शिकवता का’ म्हणून कोणी तक्रार घेऊन आले, तर शिक्षकाच्या पाठीशी उभे राहायला अधिकारी हवा.

असे तिघे एकत्र आल्याचे उदाहरण आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. विषय विज्ञानाचा असला तरी. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. दिल्ली विद्यापीठातले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक खेड्यांत येऊन शिक्षकांबरोबर बसत. दर महिन्याला शिक्षकांची गोष्ठी भरे. वर्गात काय फसले, याची तिथे चिरफाड होई, आणि ‘बाल वैज्ञानिक’ ही विज्ञानाची पुस्तके शिक्षकांच्या अनुभवावरून पुन्हा लिहिली जात. मुले शंका लिहून पाठवत, त्यांना ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राच्या नावाने पत्रातून उत्तर जाई. शासनाचा वाटा दिसायला लहान, पण त्यावाचून सगळे अडले असते: प्रशिक्षण आणि गोष्ठी ही शिक्षकाच्या कामातच धरली गेली आणि पुस्तक उघडून लिहायची वेगळी परीक्षा मान्य झाली. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्यने हे काम सांभाळले, सामाजिक अध्ययनातही नेले. २००२ मध्ये शासनानेच ते बंद केले. तीस वर्षांचे काम एका निर्णयाने थांबू शकते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

आपल्याला नवी समिती नको. शाळांच्या प्रत्येक केंद्राची शिक्षण परिषद आहेच. तिचा बराच वेळ परिपत्रके वाचण्यात आणि कोणाची कोणती लिंक भरायची राहिली हे विचारण्यात जातो, हे केंद्रप्रमुखही खासगीत मान्य करतील. त्यातला एक तास कांद्यासारख्या पाठांवरच्या चर्चेसाठी शासनाने लेखी राखून द्यावा. डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) अधिव्याख्यात्यांनी तिथे भाषण न ठोकता नोंदी घ्याव्यात. विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रश्नावली छापण्याआधी ती शिक्षकांपुढे ठेवावी आणि निष्कर्ष मराठीत त्याच परिषदेत येऊन मांडावेत. प्रश्नावल्या भरून नेल्यावर पुन्हा न फिरकलेले संशोधक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. पीएचडी झाल्याचे पेढेसुद्धा शाळेपर्यंत पोचत नाहीत.

आम्ही पुढच्या अंकापासून दोन पाने वर्गातल्या अशा नोंदींसाठी ठेवत आहोत. फसलेले पाठ आधी पाठवा. बॅनरसह काढलेले फोटो नकोत. मुलांनी काय विचारले आणि तुम्ही कुठे अडलात, तेवढे लिहा.