रिपोर्ट आला म्हणून पासपोर्ट कपाटात टाकू नका!

नागापूर, बोल्हेगाव, निंबळक आणि एमआयडीसी परिसरातले कामगार, त्यांच्या घरची माणसे आणि परदेशात माणसे पाठवणारे एजंट यांच्यासाठी जाहीर पत्रक

आपल्या एमआयडीसीतला फिटर, वेल्डर किंवा सीएनसी ऑपरेटर परदेशी निघाला की क्रम ठरलेला असतो. आधी पासपोर्ट, मग एजंट, मग मुंबईला 'मेडिकल'. आखाती देशांसाठीच्या या तपासणीला पूर्वी गामका म्हणत, आता वाफिद म्हणतात. रक्त काढतात, छातीचा एक्स-रे होतो आणि शेवटी एकच शब्द हाती पडतो : फिट किंवा अनफिट. अनफिट का, हे अनेकदा कळते ते एजंटच्या तोंडून, टपरीवर, चार माणसांदेखत. आपल्याला एचआयव्ही आहे हे माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कळावे ते असे? आमचा पहिला राग इथे आहे.

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार नीट समजावून घेतलेल्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही. चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन व्हावे लागते. माणसाची स्थिती त्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला सांगता येत नाही. नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणे हा कायद्याने भेदभाव आहे. आता बघा, रक्त काढले जाते मुंबईत, काढणारा भारतीय, ज्याचे काढले तो भारतीय. मग अट तेवढी रियाधची कशी चालते? 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली एजंटांना परवाने देणाऱ्या सरकारला हा प्रश्न कधी पडला नसेल, तर आम्ही तो विचारतो.

पण सरकारशी भांडण लांबचे आहे आणि रिपोर्ट हातात आजच आहे. म्हणून आधी ज्याच्या हातात तो आहे त्याच्याशी बोलतो.

भाऊ, ताई, एका लॅबचा 'रिॲक्टिव्ह' हा शेवटचा शब्द धरू नका. सरकारी आयसीटीसी म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्रात निदान पक्के करताना वेगवेगळ्या तीन चाचण्या करतात, आणि त्या फुकट असतात. तिन्हींत पॉझिटिव्ह आलात तर एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचे केंद्र गाठा. नगरच्या जिल्हा रुग्णालयात ते आहे. देशात मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली, तेव्हा रोगप्रतिकारक सीडी4 पेशी घसरेपर्यंत गोळ्यांसाठी थांबावे लागे. 2017 पासून ती अट गेली. निदान झाले की उपचार सुरू. आज बहुतेकांना टीएलडी मिळते : टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर मिळून दिवसाला एक गोळी. टीबी आहे का हे त्याआधी तपासून घ्या. एचआयव्ही असलेल्यांचे सर्वाधिक जीव आजही टीबीच घेतो.

यानंतर एजंट तीन सल्ले देतो, तिन्ही फुकट आणि तिन्ही घातक.

पहिला : "सहा महिने गोळ्या खा, निगेटिव्ह होशील, मग परत मेडिकल करू." खोटे आहे. गोळ्यांनी रक्तातला विषाणू इतका कमी होतो की यंत्रालाही मोजता येत नाही, आणि विषाणूभार तसाच खाली राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. ही मोठी गोष्ट आहे, ती घरी नवरा-बायकोने एकत्र बसून ऐकावी अशी आहे. पण मेडिकलमध्ये शोधतात ती प्रतिपिंडे, आणि ती रक्तात राहतातच. तब्येत ठणठणीत, विषाणूभार शून्यवत, तरी शिक्का अनफिटच. 'महिन्यात निगेटिव्ह' करणारे काढे विकणारे वैदूही याच अज्ञानावर जगतात. त्यांना आम्ही वैद्य म्हणत नाही.

दुसरा : "दुसऱ्याचे रक्त देऊ, तू फक्त पैसे दे." दिले, गेलात. तिथे निवासपरवान्यासाठी पुन्हा रक्त घेतात, आणि तिथे एजंटचा माणूस नसतो. मग अटक, कोठडी, परत पाठवणी. डोक्यावर कर्ज तसेच आणि कमिशन एजंटच्या खिशात.

तिसरा सल्ला सर्वांत वाईट. "गोळ्या इथेच ठेव, बॅगेत सापडल्या तर पंचाईत. दोन वर्षांनी आलास की परत सुरू कर." गोळ्या बंद झाल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो, आणि धरसोड करत घेतल्या तर औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होऊ शकतो. दोन वर्षांनी जो परत येईल त्याचे वजन किती भरेल, हे एजंट सांगत नाही. आम्ही स्पष्ट सांगतो : ज्या देशात एचआयव्हीमुळे परवाना मिळत नाही, तिथे लपूनछपून जाऊ नका. पगार कितीही असो.

मग परदेश संपला? मुळीच नाही. पासपोर्टसाठी एचआयव्ही चाचणी लागतच नाही. परदेश म्हणजे फक्त आखात, हा एजंटने शिकवलेला भूगोल आहे. कारण त्याचे कमिशन त्याच वाटेवर आहे. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. एचआयव्ही आहे म्हणून जर्मनी दार लावत नाही, आणि तिथल्या नोकरदाराला सक्तीच्या आरोग्य विम्यातून उपचार मिळतात. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2012 पासून परदेशी माणसालाही एचआयव्हीचे उपचार मोफत आहेत. जर्मन भाषा शिकायला कष्ट पडतात, हे खरे. पण इथे आयटीआय करून दोन शिफ्ट ओढलेल्या पोराला कष्टांची भीती कोणी दाखवू नये.

आणि बंद दारेही उघडतात. अमेरिकेने 1987 साली एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसांना बंदी घातली होती. तिच्या निषेधामुळे 1992 ची जागतिक एड्स परिषद बोस्टनहून ॲमस्टरडॅमला हलवावी लागली. जानेवारी 2010 मध्ये बंदी उठली आणि 2012 ला परिषद वॉशिंग्टनला भरली. कोणी दयेने उठवली नाही. लोक वीस-बावीस वर्षे भांडले.

लांब जायचे ठरलेच असेल तर घाई करू नका. गोळ्या सुरू करून पहिल्या सहा महिन्यांचा विषाणूभार बघून निघालेले बरे. त्या काळात काही त्रास झाला तर तो घरच्या डॉक्टरसमोर होतो. केंद्रात मोकळेपणाने सांगा की बाहेर चाललो आहे. तब्येत स्थिर असेल तर काही महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय आहे, आणि पुढचा साठा कसा मिळेल हे विमानात बसण्याआधी ठरले पाहिजे. गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ डबीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह ठेवा. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे हवीत. आफ्रिकेतल्या कामावर चालला असाल तर पिवळ्या तापाची लस लागू शकते. ती जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून सीडी4 किती आहे हे डॉक्टरला दाखवल्याशिवाय टोचून घेऊ नका. ॲसिडिटीची काही औषधे, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यांचीही डॉक्टरकडे चौकशी करा. डोल्युटेग्राव्हिरचा परिणाम त्यांनी कमी होतो.

कंपन्यांनाही एक शब्द. परदेशी साइटवर पाठवण्याआधी कामगाराचे रक्त गुपचूप तपासणे बेकायदेशीर आहे. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत 2017 च्या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या गेटवर त्याचे नाव लागले आहे का? 1997 साली मुंबई उच्च न्यायालयात एका रोजंदारी कामगाराने फक्त 'एमएक्स' एवढ्याच नावाने दावा लढवला. काम करायला तो तंदुरुस्त होता, तरी एचआयव्हीमुळे त्याला डावलले होते. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. नाव झाकून लढता येते, हे कंपन्यांनी आणि कामगारांनी दोघांनीही लक्षात ठेवावे.

नगरला हा विषय नवा नाही. 1989 पासून काम करणारे स्नेहालय याच एमआयडीसीत आहे. गावाने दूर लोटलेल्या एचआयव्हीबाधित बाया आणि पोरे इथे वाढली, शिकली, कामाला लागली. तरीही शेजारच्याचा रिपोर्ट कळला की आपण चहाचा कप वेगळा काढतो. लाज वाटायला हवी ती याची.

आमच्या मागण्या साध्या आहेत. कोणत्या देशात एचआयव्ही असताना जाता येते, कुठे नाही, याची ताजी मराठी यादी प्रत्येक एआरटी केंद्रात आणि मुंबईच्या उत्प्रवास संरक्षक कार्यालयात लावा. समुपदेशनाशिवाय 'अनफिट' हाती देणाऱ्या तपासणी केंद्रांवर 2017 च्या कायद्याने कारवाई करा. रक्त बदलण्याचा सौदा करणाऱ्या एजंटचा परवाना रद्द करा. आणि आखाती सरकारांशी कामगारांचे करार करताना एचआयव्ही चाचणीची ही अट टेबलावर ठेवा. तेलाच्या किमतीवर बोलायला वेळ मिळतो, तर यावरही मिळेल.

शंका असेल तर 1097 वर फोन करा. हेल्पलाइन टोल-फ्री आहे. एजंटला विचारण्याआधी तिथे विचारा.

— नागापूर-बोल्हेगाव परिसरातील काही कामगार