विश्लेषण : जुन्या एसयूव्हीमागे बोट किंवा कॅम्पर… 3,500 किलोचा आकडा फसवा का?

डिसेंबर-जानेवारी हा ऑस्ट्रेलियातील उन्हाळी सुट्ट्यांचा काळ. बोट किंवा कॅम्पर ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांत तेव्हा जुन्या लँड क्रूझर हमखास दिसतात. उंच केलेले सस्पेन्शन, मोठे टायर, पुढे जाडजूड बुलबार. गाडी दणकट दिसते, पण तिच्या वजनमर्यादेचा दिसण्याशी काही संबंध नाही.

कोणता आकडा पाहावा?

2007 ते 2021 दरम्यान विकली गेलेली ‘लँड क्रूझर 200’ ब्रेक असलेला 3,500 किलोचा ट्रेलर ओढू शकते. जाहिरातीत हाच आकडा ठळक असतो. मात्र सामानासह गाडीचे कमाल वजन, म्हणजे जीव्हीएम, आहे 3,350 किलो. रिकामी गाडीच सुमारे 2,700 किलोची. उरले 650. ट्रेलरचा साधारण दहा टक्के भार टोबॉलवर, पर्यायाने गाडीवरच येतो. त्यात 350 गेले. राहिलेल्या 300 किलोंत चार माणसे बसली की हिशेब संपला. बुलबार, विंच, दुसरी बॅटरी, फ्रिज हे सगळे मर्यादेबाहेर!

कडक स्प्रिंगने प्रश्न सुटतो का?

नाही. टोबॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो. त्यामुळे त्यावर 350 किलो पडले की तरफेसारखा परिणाम होऊन पुढच्या चाकांवरचे दीडशेच्या आसपास किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर सुमारे 500 वाढतात. स्टिअरिंग हलके लागते, पुढच्या ब्रेकची पकड घटते. नवे स्प्रिंग गाडी सपाट दाखवतात, मालक निर्धास्त होतो. भार तेवढाच राहतो. अधिकृत प्रमाणपत्रासह जीव्हीएम वाढवून घेता येतो. पण गाडी आणि ट्रेलर यांची एकत्रित मर्यादा, 6,850 किलो, त्यासोबत आपोआप वाढत नाही. मोठ्या टायरमुळे गिअरचे गुणोत्तर बदलते आणि चढावर गिअरबॉक्स तापतो, तो त्रास वेगळाच.

बोटीचे वेगळे काय?

इंजिन मागे असल्याने टोबॉलवर भार कमी पडतो आणि ट्रेलर वेगात डोलू लागतो. शिवाय लांबच्या प्रवासानंतर तापलेले बेअरिंग थेट समुद्रात बुडवले की आतली हवा आकसते, खारे पाणी आत शिरते. धक्क्यावर अर्धा तास थांबण्याचा कंटाळा पुढे रस्त्यात चाक निखळण्यापर्यंत जाऊ शकतो.

मग करायचे काय?

निघण्यापूर्वी वजनकाटा गाठावा. कुटुंब, पाणी, इंधन सगळे भरूनच! पूर्ण गाडी, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर अशी वेगवेगळी वजने घ्यावीत. मर्यादा ओलांडलेली असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते. जड सामान ट्रेलरच्या ॲक्सलजवळ, तळाशी ठेवावे. 750 किलोंवरील ट्रेलरला ब्रेक आणि 2,000 किलोंवर तो सुटल्यास आपोआप लागणारा ब्रेक तिथे बंधनकारक आहे. ट्रेलर डोलू लागलाच, तर गाडीचा ब्रेक करकचून दाबू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावावा.