कामाची शिदोरी : छोट्या पेटीचा गिअर निसटतो तेव्हा

डोंगराळ भागात जुन्या फोर व्हील जीपवर घर चालवणारे कितीतरी बांधव आहेत. त्यांच्या तोंडी एक तक्रार नेहमीची : "चढाला लागलो, की लो निसटतो." गॅरेजात उत्तर मिळते, "पेटीच बदला." पेटी बदलायची म्हणजे मुलांच्या फीला हात घालायचा! म्हणून वाचकहो, आधी कारण शोधा, मग पाकीट उघडा.

मुख्य गिअरबॉक्सच्या मागे बसलेली छोटी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना पोहोचवण्याचे काम तिचे. जुन्या विलिज पद्धतीच्या जीपमध्ये तिचे दोन दांडे असतात. एक पुढची चाके जोडतो. दुसरा हाय, न्यूट्रल आणि लो लावतो.

दुसरा दांडा निसटून न्यूट्रलला आला, की इंजिन नुसते ओरडते, चाकांना ओढ मिळत नाही. उतारावर हे फार धोक्याचे. इंजिनाची अटक सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मुख्य गिअर पडलेला असला तरी गाडी घरंगळू शकते. म्हणून उतारावर उभे करताना गिअरवर विसंबू नका. हातब्रेक ओढा आणि चाकाला दगड किंवा ठोकळा लावाच.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना ठोकळे. स्वस्तातले आधी पाहा.

१. दांडा पूर्ण बसतो का? फ्लोअरचा पत्रा, रबर किंवा पायपुसणे आड आले, की गिअर अर्धवटच लागतो. सांध्यांच्या पिना झिजल्या असतील तरी तेच होते.

२. इंजिन आणि पेटीखालची माउंटिंग रबरे पाहा. रबर तुटले, की जोर पडताच पेटी हलते आणि दांडा पत्र्याला अडून गिअर सुटतो.

३. ऑइलची पातळी पाहा. ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा दिसला, तर आत झीज चालू आहे असे समजा.

४. गोळी आणि स्प्रिंग. दांड्याच्या शाफ्टवर खाच असते. स्प्रिंग गोळीला त्या खाचेत दाबून गिअर जागेवर धरते. स्प्रिंग मेली किंवा खाच झिजली, की गिअर निसटतो. अनेक पेट्यांत गोळी-स्प्रिंग बाहेरच्या बोल्टखाली असते. सगळी पेटी खोलावी लागत नाही.

५. प्रोपेलर शाफ्टचे टोक पेटीजवळ धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. खेळ लागला, तर नट ढिला असेल किंवा बेअरिंग गेले असेल.

एवढे करूनही गिअर निसटत असेल, तरच पेटी उघडा. आत फोर्क वाकलेला किंवा झिजलेला असतो, नाहीतर गिअरचे दात निमुळते झालेले असतात. दात गेले असतील, तर एकमेकांत बसणारे दोन्ही भाग बदला. नव्याला झिजलेला जोडीदार दिला, तर दुखणे परत येते.

कित्येक जण दांडा रबरी ट्यूबने बांधतात किंवा क्लीनरला धरून बसवतात. हा उपाय नव्हे. सतत दाबल्याने फोर्क आणखी झिजतो, आणि शंभराचे काम हजारांत जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून पळणेही टाळा. पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण गिअरच्या दातांवर येते. लो लावायचा तो गाडी थांबवून किंवा अगदी हळू असताना.

मिस्त्रीला दोन गोष्टी नेमक्या सांगा : कोणता दांडा निसटतो, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर निसटतो की सोडल्यावर. काढलेला जुना भाग हातात मागून घ्या आणि झीज कुठे आहे ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. गाडीत बसलेल्या माणसांचा जीव तुमच्या हाती असतो. दोष निघेपर्यंत घाटातली फेरी घेऊ नका.