सात मितींचं पायपुसणं

सहा एअरबॅग आहेत का, क्रॅश टेस्टमध्ये तारे किती पडले, मागच्या मधल्या सीटला तीन पॉइंटचा पट्टा आहे की नुसता कमरेचा, हे सगळं महिनोन्महिने उकरून काढणारा मराठी माणूस अ‍ॅक्सेसरीजच्या काउंटरवर मात्र एकदम दिलदार होतो. टाय लावलेला मुलगा टॅबवर बोट फिरवत विचारतो, "सर, सेव्हन-डी करून घेऊ ना?" आणि हा मान डोलावतो. संध्याकाळपर्यंत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरखाली फोम-रेक्झिनचा जाडजूड थर बसलेला असतो. मालकाला दिसते ती फक्त चौकटीची शिलाई आणि सीटशी जुळलेला टॅन रंग. मग नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं, फोटो निघतात.

गाडीतल्या मॅटला कामं दोनच. पाणी-चिखल धरून ठेवायचा आणि पेडलच्या वाटेत यायचं नाही. या दोन्ही कामांत नापास होणारी वस्तू आज आपल्याकडे सगळ्यात तोऱ्यात विकली जाते, आणि दोन्ही कामं निमूट करणाऱ्या साध्या ट्रेला "रबरी काय घेता सर, टॉप मॉडेल आहे" असं ऐकून घ्यावं लागतं. मला राग आहे तो याचा.

आधी या 'डी'चा हिशोब. तीन मिती शाळेत शिकवतात, चौथी काळाची. अ‍ॅक्सेसरीजवाले थ्री-डीवरून फाइव्ह, सेव्हन, नाइन अशा उड्या मारत निघालेत. सुपरस्ट्रिंग सिद्धांताचं भागतं दहा मितींत. म्हणजे पुढच्या दसऱ्याला पुण्याच्या नाना पेठेने आणखी एक उडी मारली की पदार्थविज्ञान मागे पडलं. प्रत्यक्षात हातात येतं ते असं: वर रेक्झिन, ज्याला बिलावर 'लेदर' म्हणतात, मध्ये फोम, रेक्झिनवर वेलक्रोने चिकटवलेली नूडल मॅट. आणि हे सगळं जोडणारी हजारो टाक्यांची शिलाई. एक टाका म्हणजे एक भोक. पाणी अडवायच्या वस्तूला हजारो भोकं पाडून ती लक्झरी म्हणून विकण्याची हिंमत आपल्याच बाजारात आहे.

जुलैत ताम्हिणी करून आलेली अशी गाडी वॉशिंग सेंटरवर उघडताना एकदा बघाच. पोरगा मॅटला हात घालतो, ती दरवाजाच्या पट्टीखाली आणि सीटच्या रेलखाली खोचलेली असते. "साहेब, ही निघत नाय." मग तो वरूनच फडकं मारतो आणि चकाकी यावी म्हणून डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश तिच्यावर उदारपणे फवारतो. म्हणजे चिखल राहिला तो राहिलाच, वर चपलेखाली बुळबुळीत पृष्ठभाग तयार झाला, आणि तोही नेमका जिथून पाय उचलून ब्रेकवर न्यायचा तिथे. ती मॅट कोणी हट्टाने उपटलीच, तर खाली कंपनीचं कार्पेट दिसतं. पिळलं तर पाणी निघेल असं. त्यावर करडी बुरशी, शेंगदाण्याची टरफलं, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून आणलेली आणि हातातून निसटलेली गोळी. आणि वास! गाडीत परफ्यूमच्या बाटल्या का लटकवाव्या लागतात, याचं निम्मं उत्तर तिथे असतं.

बरं, पाणी काही फक्त चपलांतून येत नाही. एसीचा ड्रेन पाइप तुंबला की ते डाव्या सीटच्या पायाशी उतरतं. सनरूफच्या कोपऱ्यांतून खाली येणाऱ्या नळ्यांत पालापाचोळा अडकला की तिथलं पाणीही आत येतं. उघडं कार्पेट असेल तर हाताला ओल लागते आणि माणूस वेळेत गॅरेज गाठतो. सेव्हन-डी ही ओल इमानदारीने झाकून ठेवते. कार्पेटखालून वायरिंगचे जुडगे गेलेले असतात. त्यांच्या कनेक्टरला गंज चढून डॅशबोर्डवर नसते दिवे लागेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. आणि मग शिव्या खाते गाडीची कंपनी.

हे झालं पाण्याचं. पेडलचं प्रकरण याहून गंभीर आहे, आणि तिथे थट्टा थांबते.

28 ऑगस्ट 2009. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ सँटी इथे एक लेक्सस ईएस 350 भन्नाट वेगाने हायवे संपतो तिथून पुढे जाऊन कोसळली आणि पेटली. चालवणारा हायवे पोलीस अधिकारी होता, सुट्टीवर होता, आणि त्याच्यासोबत घरचे तिघं होते. चौघंही गेले. स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला टाकल्यामुळे डीलरने तात्पुरती दिलेली ही गाडी. तिच्यात ऑल-वेदर रबरी मॅट टाकलेली होती. पण ती होती त्याच कंपनीच्या एसयूव्हीची, या सेडानची नव्हेच. मॅट मोठी, क्लिपला न अडकवलेली. अ‍ॅक्सिलरेटरची खालची कड तिच्यात रुतली आणि पेडल तळालाच राहिलं. अंगावर काटा येतो तो पुढच्या तपशिलाने. काही दिवस आधी हीच गाडी नेलेल्या दुसऱ्या ग्राहकाचं पेडलही असंच अडकलं होतं, आणि त्याने परत करताना तसं डीलरकडे सांगितलं होतं.

रोज वाहन चालवणं हेच ज्याचं काम, त्यालाही ते थोपवता आलं नाही. याला यांत्रिक कारण आहे. पेट्रोल इंजिनचं थ्रॉटल पूर्ण उघडं असताना ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात ओढ जवळजवळ मिळत नाही. ब्रेक दोन-चारदा पंप केला की साठलेली मदत संपते आणि पेडल दगड होतं. म्हणून असं झालं तर ब्रेक एकदाच, सगळा जोर लावून दाबायचा आणि गिअर न्यूट्रलला टाकायचा. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठ काढून दाखवायला शिकवतात. हे कोणी सांगताना मी ऐकलं नाही.

त्या अपघातानंतर लेक्सस बनवणाऱ्या टोयोटाने मॅटच्या कारणावरून अमेरिकेत सुमारे 38 लाख गाड्यांच्या मालकांना इशारा दिला आणि पुढे पेडलची लांबी कमी करून दिली. मॅटमध्ये रुतणारं पेडल आणि आपणहून चिकटणारं पेडल या दोन्हींबद्दल ग्राहकांची दिशाभूल केल्यापोटी 2014 मध्ये कंपनीने 120 कोटी डॉलर मोजले. एका पायपुसण्यापासून सुरू झालेली गोष्ट आहे ही. आता आपल्या काउंटरवर या. "ड्रायव्हरच्या बाजूचे दोन हुक या मॅटला कुठे आहेत?" असं मी विचारलं, तेव्हा उत्तर आलं, "गरज नाही सर, मॅट हेवी आहे, हलतच नाही." सँटीची मॅटही जडच होती.

याच्याही पुढे गेलेले महाभाग आहेत. सेव्हन-डी खराब होऊ नये म्हणून तिच्यावर ट्रे, ट्रे खराब होऊ नये म्हणून सर्व्हिस सेंटरचा कागद. मॅटवर मॅट घालू नका, असं गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. पण मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत सुखरूप असतं. आणि 'फ्लोअर लॅमिनेशन' नावाचा प्रकार तर विचारूच नका. नव्याकोऱ्या गाडीच्या सीट उपसून काढायच्या, सीटखालचे साइड एअरबॅगचे कनेक्टर ओढायचे, सगळ्या फरशीला व्हिनाइल चिकटवायचं आणि मग एअरबॅगचा दिवा का लागला म्हणून सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरशी भांडायचं.

मग घ्यायचं काय? टीपीईचा, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचा, साच्यातून काढलेला ट्रे, नाहीतर जाड अस्सल रबर. विषय संपला. 'ऑल-वेदर' ही कल्पना बर्फाच्या आणि रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांतली असली, तरी कोकणातली तांबडी माती आणि मराठवाड्यातली बुटाला किलोभर चिकटणारी काळी माती यांच्यासमोर ती चोख उतरते. कड दोन-अडीच सेंटिमीटर उठलेली हवी. त्याहून उंच कडेला बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या टाचा अडकतात. टीपीईच्या नावाखाली स्वस्त पीव्हीसी सर्रास खपवलं जातं, तेव्हा नाकाजवळ धरून बघा. दुकानातच डोकं उठत असेल तर एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत काय होईल याचा विचार करा. मॉडेलचं नाव जुळलं एवढ्यावर जाऊ नका. ऑटोमॅटिक आणि मॅन्युअलची ड्रायव्हरकडची जागा वेगळी असते, मधल्या रांगेत कॅप्टन सीट की सलग बाक यावर ट्रेचा आकार बदलतो, आणि फेसलिफ्टनंतर हुकांच्या जागाही हलू शकतात. आयएस 15061 हे गाडीच्या आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेचं भारतीय मानक आहे. त्याबद्दल दुकानदाराला विचारा, निदान त्याचा चेहरा बघण्यासाठी तरी.

पैसे देण्याआधी आधीची मॅट बाहेर काढायला लावा आणि नवी हुकांत बसवून घ्या. इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबा, सोडा. मॅट मुद्दाम पुढे रेटा, पुन्हा दाबा. ब्रेक आणि क्लचचंही तसंच. मग ट्रे एका हाताने उचलून पाणी न सांडता बाहेर आणता येतो का, तेही करून बघा. दुकानदार कंटाळेल, मागे रांगेतला माणूस हॉर्न देईल. आणि पॅकेजमध्ये 'फ्री' असलेली सेव्हन-डी नको असेल तर तिचे पैसे किमतीतून कमी करून मागा. सिस्टीममध्ये तसं होत नाही, असं सांगतील. मॅनेजरला बोलवायला सांगा.