हाक मारण्याचा हक्क

‘ते स्वतः एकमेकांना म्हणतात, मग आम्ही म्हटलं तर काय बिघडलं?’ हा प्रश्न मावळात चहाच्या टपरीवर ऐकू येतो, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतो आणि चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, त्याने मनाशी निकाल लावलेला असतो. म्हणून या आठवड्यात त्याला सरळ उत्तर द्यायचं ठरवलं आहे. बिघडतं, आणि बरंच बिघडतं.

मे महिन्यात कार्ला फाट्याजवळ, जुन्या हायवेच्या कडेला कातकरी बाया करवंदं-जांभळं घेऊन बसतात. पहाटे डोंगरात शिरायचं, काट्यांतून एकेक करवंद तोडायचं आणि ऊन चढायच्या आत रस्त्यावर येऊन पाटी मांडायची, असा त्यांचा दिवस. त्या दिवशी गाडीतून उतरलेले एक गृहस्थ भाव करत होते. भाव जमेना, तेव्हा त्यांनी त्या बाईच्या जमातीचं नाव वेडंवाकडं करून तिच्या अंगावर फेकलं. तो उच्चार मी इथे छापत नाही. मावळातल्या वाचकांना तो ठाऊक आहे, इतरांना ठाऊक नसला तरी काही अडत नाही. बाईने त्यांच्या हातातला पानाचा द्रोण काढून घेतला, करवंदं परत पाटीत ओतली आणि म्हणाली, ‘विकायची न्हाईत.’ थोड्या वेळाने कामशेतकडे जाणारी एसटी दिसली. शेजारच्या बाईने नेमक्या त्याच शब्दाने तिला हाक मारली, ‘ऊठ गं, गाडी आली,’ आणि ही हसत पाटी डोक्यावर घेऊन निघाली. गृहस्थ अजून तिथेच उभे होते. ‘बघा,’ ते मला म्हणाले, ‘आता नाही राग आला!’

त्यांच्या कानांना दोन्ही वेळा एकच शब्द ऐकू आला. पण पहिल्या हाकेमागे काय काय उभं होतं ते पाहा. खैरापासून कात काढणारी ही जमात. जंगलं सरकारजमा झाली आणि हाताचा धंदा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या, मालकाकडून उचल घेऊन पोराबाळांसकट हंगामभर परमुलखात राहणं. डोक्यावर छप्पर असलं तरी खालची जमीन बहुधा दुसऱ्याची. जातीचा दाखला काढायचा तर वडगावच्या तहसील कचेरीच्या खेपा. महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या जमाती तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. गाडीतल्या माणसाने तो शब्द उच्चारला तेव्हा हे सगळं तिला एका दमात ऐकवलं गेलं: तू कोण आहेस ते विसरू नकोस. मैत्रिणीच्या हाकेत यातलं काही नव्हतं. तिच्या डोक्यावरही तशीच पाटी होती.

आपल्याकडच्या कायद्याने हा फरक केव्हाच ओळखला आहे. अनुसूचित जाती आणि जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा कायदा १९८९चा. सार्वजनिक दृष्टीला पडेल अशा ठिकाणी या समाजांतल्या कुणालाही जातिवाचक शिवीगाळ करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं, शिवाय दंड. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या कलमाची सुरुवात फार थोडे जण नीट वाचतात. जो स्वतः अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा नाही असा कोणीही इसम, अशी ती सुरुवात आहे. म्हणजे ‘ते म्हणतात मग आम्ही का नाही’ या प्रश्नाचं उत्तर संसदेने पहिल्या ओळीतच देऊन ठेवलं आहे.

‘सार्वजनिक दृष्टी’ म्हणजे काय, यावरही सर्वोच्च न्यायालयात खल झाला. २००८च्या स्वर्णसिंग खटल्यात फिर्यादी एका घराच्या फाटकापाशी, गाडीजवळ उभा होता आणि तिथे त्याला जातीवरून हिणवलं गेलं. घराचं फाटक रस्त्यावरून दिसतं, म्हणून ती जागा सार्वजनिक दृष्टीतच आहे, असं न्यायालयाने सांगितलं. २०२०मध्ये हितेश वर्मा खटल्यात दुसरी बाजू आली: चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना घडलेला प्रकार या कलमात बसत नाही. लोणावळा-खंडाळ्यातल्या बंगलेवाल्यांनी हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. तुंगार्लीच्या बंगल्याच्या फाटकावर माळ्याला, वॉचमनला जे म्हणाल त्याला कायदा आहे. आतल्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईला जे म्हणाल, तिथे कायदा बहुधा पोचणार नाही. तिथे तुमचे संस्कार पोचतात की नाही, एवढंच उरतं. आणि पोरं बोलायला शिकतात ती स्वयंपाकघरातच.

कायद्याची आणखी एक मर्यादा आहे आणि तीही बोलून दाखवली पाहिजे. एका अनुसूचित जमातीच्या माणसाने दुसऱ्या जमातीच्या माणसाला हिणवलं, तर हा कायदा लागू होत नाही. मावळात ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी शेजारी राहतात, आणि या शेजारातही उतरंड आहे. कातकऱ्याला सगळ्यात खाली बसवलं जातं. तीच गोष्ट अनुसूचित जातींची. स्वतः अपमान सोसला म्हणून शेजारच्या जातीच्या नावाची शिवी करायचा परवाना मिळत नाही. तो शब्द ज्याच्या अंगावर पडला, त्याचाच त्याच्यावर हक्क. सोसणाऱ्या सगळ्यांची ती सामाईक मालमत्ता नाही.

हा हक्क वापरायचा कसा, हे मराठी लेखकांनी दाखवून दिलं आहे. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आत्मकथनाला नाव दिलं ‘उपरा’. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली ‘अक्करमाशी’. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली ‘उचल्या’. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’. गावाने आणि पोलिसांनी ज्या शब्दांनी चारचौघांत मान खाली घालायला लावली, तेच शब्द या माणसांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापले, खाली आपलं नाव लिहिलं आणि उभ्या महाराष्ट्राला वाचायला लावले. तो शब्द तिथे शिवी राहिला नाही, साक्ष झाला. पण साक्ष देण्याचा अधिकार साक्षीदाराचा असतो. ‘उचल्या’ वाचून भारावलेला वाचक दुसऱ्या दिवशी बाजारात एखाद्याला त्या शब्दाने हाक मारू लागला, तर त्याने पुस्तक वाचलंच नाही. मराठीच्या शिक्षकांना माझं सांगणं हेच आहे. वर्गात हे उतारे लेखकाच्या शब्दांत, एकही शब्द न गाळता वाचा, मागचा-पुढचा इतिहास सांगा; आणि तोच शब्द मधल्या सुटीत मैदानावर ऐकू आला तर तिथल्या तिथे थांबवा.

संतांच्या बाबतीतही हाच विवेक लागतो. चोखोबांनी आपल्या अभंगांत स्वतःच्या जातीचा उच्चार केला तो विठ्ठलासमोर. पाटलाच्या ओट्यावरून तीच जात उच्चारली जायची तेव्हा ती चोखोबांची भक्ती नसायची, गावकीचा हुकूम असायचा. देहूच्या पालखीत चालणारा, भंडाऱ्याच्या डोंगरावर माथा टेकवणारा आपला मावळा हा फरक सहज समजू शकतो. समजून न घेणं हा हट्ट आहे.

आता यावर कुणी म्हणेल की त्या समाजांतच एकमत कुठे आहे? नाही, एकमत नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं, तेव्हा आपलं उघडं-नागडं जिणं असं चव्हाट्यावर का मांडलं, म्हणून त्यांच्याच समाजातले शिकलेले लोक नाराज झाले होते. अमेरिकेतही तेच चित्र. काळ्या लोकांना गुलामगिरीच्या काळापासून ज्या शब्दाने हिणवलं गेलं, तो रिचर्ड प्रायर या काळ्या विनोदकाराने रंगमंचावरून बेधडक वापरला. १९७९ साली तो केनियात जाऊन आला आणि मग त्याने तो शब्द सोडला. २००७मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांच्या सर्वात जुन्या हक्कसंघटनेने डेट्रॉइट शहरात त्या शब्दाची रीतसर अंत्ययात्रा काढली. तरीही तरुण काळे गायक तो शब्द आपल्या गाण्यांत वापरतातच. वापरावा, पुरावा की त्यातलं विष काढून टाकावं, हा वाद त्यांच्या घरातला आहे आणि तो त्यांनी हवा तितकी वर्षं घालावा. त्यात आपल्याला मत नाही. त्यांचं भांडण मिटेपर्यंत बाहेरच्यांनी तो शब्द वापरायला मोकळीक आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आणि हे शिव्यांपुरतंच नाही. प्रेमाने ठेवलेल्या नावालाही हाच नियम. महात्मा गांधींनी ‘हरिजन’ हा शब्द सद्भावनेने रूढ केला. त्या नावाचं साप्ताहिक १९३३ साली आपल्या पुण्यातूनच सुरू झालं, गांधी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. पण १९३८च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत एका दुरुस्ती विधेयकातून तो शब्द कायद्यात घालायचं ठरलं, तेव्हा भाऊराव गायकवाड यांनी कडाडून विरोध केला. आम्हाला हे नाव नको, असं ज्यांचं नाव ठरत होतं तेच सांगत होते. सरकारी बाजूने बहुमताच्या जोरावर रेटून नेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांना घेऊन सभागृहाबाहेर पडले. पुढे १९८२मध्ये केंद्र सरकारलाच सांगावं लागलं की जातीच्या दाखल्यांवर ‘हरिजन’ लिहू नका. सभागृहातलं ‘नको’ कचेरीत पोचायला चार तपांच्या आसपास काळ लागला.

उलट बाजूही आहे. ‘दलित’ हे नाव १९७२मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने ‘दलित पँथर’ म्हणून छाती पुढे काढून मिरवलं. २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानंतर केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाहिन्यांना हा शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ म्हणण्याचा सल्ला दिला. अनेक कार्यकर्त्यांनी विचारलं, आम्ही लढून घेतलेलं नाव काढून घेणारे तुम्ही कोण? दुसरीकडे, धम्म स्वीकारलेल्या अनेकांना ‘बौद्ध’ हीच आपली ओळख वाटते आणि ‘दलित’ नकोसं वाटतं. दोघांचंही ऐकायचं, आणि समोरचा स्वतःला जे म्हणवतो ते त्याला म्हणायचं. यात अवघड काहीच नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आपल्या गावांच्या पाट्या. डिसेंबर २०२०मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातीवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळीगल्ली ही नावं जावीत आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी यावीत, असा तो निर्णय. मला तो मनापासून मान्य आहे. शाळेच्या दाखल्यावर, पोस्टाच्या पत्त्यावर, नोकरीच्या अर्जावर पोराच्या जातीची जाहिरात कशाला? पण त्याच यादीत ‘बौद्धवाडा’ हे नावही होतं. हे नाव कुणी लादलेलं नव्हतं. २५ डिसेंबर १९५४ला बाबासाहेबांनी इथे देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, १९५६मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि गावोगावच्या माणसांनी जुनं नाव टाकून हे नवं नाव स्वतः घेतलं. ते बदलायचं की ठेवायचं हे त्यांनाच विचारलं पाहिजे. आपल्या डोंगरपट्ट्यातल्या कातकरवाड्या आणि ठाकरवाड्यांचंही तसंच. तिथल्या कुणाला ते नाव टोचत असेल, कुणाला ते आपल्या डोंगराइतकं आपलं वाटत असेल.

म्हणून मावळातल्या सरपंचांना आणि ग्रामसेवकांना विनंती आहे. २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला ग्रामसभा भरेल, तेव्हा वस्तीच्या नावाचा विषय घ्या आणि त्या वस्तीतल्या माणसांना आधी बोलू द्या. बायांना खासकरून बोलू द्या, कारण रस्त्यावरच्या हाका जास्त त्यांनाच ऐकाव्या लागतात. बाकीच्या गावाने त्या दिवशी ऐकावं आणि वस्ती ठरवेल त्या नावाला हात वर करावा. नाव बदलताना त्याच ठरावात नळाचं, रस्त्याचं आणि घरांखालच्या जमिनीचं कलमही घाला. नुसती पाटी रंगवून कुणाचं पोट भरत नाही.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की त्यांच्या बोलण्यावर उगाच बंधन येतंय, त्यांना एवढंच सांगतो. मराठीत माणसाला हाक मारायला दादा आहे, मामा आहे, ताई आहे, मावशी आहे, काका आहे. रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेल्या बाईला यातला एक शब्द पुरतो. तेवढा वापरा, आणि मागेल तो भाव द्या.